जिन्यात अडकलेलं यंत्र

डोंबिवलीतल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्यात सकाळपासून एक लोखंडी यंत्र अडकलं होतं. खाली हमाल घामाघूम झालेले, आणि वरच्या पायरीवर ओढणी कंबरेला खोचून हेमांगी उभी. ती चित्रकार होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्या रेषांत शाई भरायची आणि जड रुळाच्या दाबाने ते ओल्या कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या यंत्रांवर, त्यांच्या सवडीने छापत आली होती. हे पहिलंच, स्वतःचं.

तेवढ्यात गच्चीवरून एक तरुण उतरत आला. गळती बघायला सोसायटीने बोलावलेला कल्याणचा इंजिनीअर, सलिल. केसांत पावसाचे थेंब, बाहीवर चुना.

"जरा थांबावं लागेल," हेमांगी म्हणाली.

"थांबतो की." तो पायरीवर बसलाच. "रसवंती काढताय का?"

"हो. पहिला ग्लास तुम्हालाच देईन... शाईचा."

तो मनमोकळं हसला. मग त्याने सहज वजन विचारलं, तिने सांगितलं — आणि त्याचं हसू मावळलं. त्याने विनंती करून तिचं घर पाहिलं, जमीन ठोकून पाहिली, भिंतीच्या तड्यावरून बोट फिरवलं.

"तुम्हाला राग येईल," तो हळूच म्हणाला, "पण हा स्लॅब एवढं वजन पेलणार नाही. खाली माणसं राहतात."

"तुम्ही नुसते उतरून गेला असता तर?"

"तर मला झोप लागली नसती."

राग आलाच. पण खालच्या घरातलं रांगतं बाळ तिला दिसत होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. यंत्र पुन्हा खाली उतरलं आणि पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली जाऊन बसलं.

दिवाळीत ठाण्याला तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन होतं. तिची आई सगुणा कळव्याच्या खाडीकाठी वाढलेली; चिखलात उतरून कालवं वेचणाऱ्या तिथल्या बायका हेमांगीने पत्र्यांवर कोरून ठेवल्या होत्या. छापायचं तेवढं बाकी होतं. यंत्र विकून टाक, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. प्रदर्शन पुढे ढकल, असं मैत्रिणी म्हणाल्या. हेमांगीने दोन्ही ऐकून घेतलं आणि छत्री घेऊन तळमजल्याची जागा शोधायला बाहेर पडली. कुणाला शाईचा वास नको होता, कुणाला एकटी बाई.

सलिल मात्र दर रविवारी यायचा. ताडपत्री सरकलीय का बघायचा, रुळाला तेल लावायचा. ती फारसं बोलायची नाही. पण रविवारी सकाळी खिडकीशी जरा जास्तच वेळ रेंगाळायची! एकदा त्याने सुचवलं, घरात मावेल असं हलकं, लहान यंत्र मिळू शकेल.

"माझी चित्रं मोठी आहेत," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

अखेर मोहन्याला, रेयॉनच्या जुन्या कारखान्याजवळ, एक बंद पडलेली पिठाची गिरणी मिळाली. हेमांगीने सलिललाच फोन केला. नुसतं हो म्हणू नका, येऊन बघा, असं बजावलं. तो आला, गुडघ्यांवर बसून कोपरान् कोपरा ठोकत राहिला. तिचा जीव टांगणीला.

"ही पेलेल," तो म्हणाला. ती पटकन खिडकीकडे वळली. डोळे भरलेले त्याला दिसू नयेत म्हणून...

श्रावणातल्या एका दुपारी यंत्र बसलं. छपराच्या पत्र्यावर सर वाजत होती. त्याने चाक फिरवलं, तिने अलगद कागद उचलला. गुडघाभर चिखलात रुतलेली, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई कागदावरून दोघांकडे रोखून पाहत होती. सलिल वाकून तिला जवळून न्याहाळू लागला.

"आई विचारत होती, हा मुलगा सारखा का येतो," हेमांगी शाईचे हात पुसत म्हणाली.

"मग?"

"म्हटलं, विचारून सांगते."

"आधी अपराधी वाटायचं म्हणून," तो म्हणाला. "नंतर... तुम्ही रागावलेल्या असलात तरी तुम्हाला बघून बरं वाटायचं म्हणून."

पुसायचं फडकं तिने बाजूला ठेवलं. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"सलिल, मला तू आवडतोस. पण उद्या काहीही ठरलं तरी हे यंत्र इथून हलणार नाही. मी रोज इथे येणार. माझे हात असेच काळे राहणार. नीट विचार कर, घाईने हो म्हणू नकोस."

तिच्या तोंडचं ते 'तू' ऐकून तो क्षणभर गोंधळला. मग यंत्राकडे, चित्राकडे आणि शेवटी तिच्या हातांकडे त्याने शांतपणे पाहिलं.

"कल्याणहून मोहने लांब नाही," तो म्हणाला. "पण घर इकडेच बघू. तुला रोजची दगदग नको."

त्याने हात पुढे केला. तिने आपले काळे तळवे दाखवले; त्याने ते तसेच हातांत घेतले. बाहेर सर थांबली तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

"सोड आता," ती हळूच म्हणाली. "दुसरा कागद भिजून तयार आहे. दिवाळीला दोन-अडीच महिनेच उरलेत. चाक धर."

त्याने धरलं.