पिंगळीहून आणलेला कावळा

पिंगळीच्या ठेसनावरून एक कावळा धरून आणायचा, एवढंच काम व्हतं. हसू नको सूनबाई. कंदिलाची वात जरा वर कर अन् ऐक.

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्सं झाली असतील. माझ्या मायचा दहावा व्हता. दिनकरदादा, माझा थोरला भाऊ, डोकं भादरून नदीवर जायच्या घाईत. मला म्हणला, "तानू, तू दिल्याघरची लेक, तुला तीन दिसाचंच सुतक. रामकिशनला घे, गाडी जुंपा अन् पिंगळीला जा. तिथल्या लिंबावर लय कावळे हायत." रामकिशन आमचा सालगडी. पिंडाला कावळा शिवला म्हणजे जीव सुटला, हे तुला काय सांगायचं? पर आमच्या शिवारात कावळाच उरला नव्हता.

उरला नव्हता म्हणजे, दादानंच उरू दिला नव्हता. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे यायचे, आभाळ झाकून. मायनं उभा जन्म शेतातल्या माळ्यावर बसून गोफण फिरवली, पर पाखराला कधी दगड लागू दिला न्हाई. नुसता फटाका वाजवायची अन् बांधाकडच्या दोन वळी त्यांच्यासाठी सोडून द्यायची. दादाला त्या दोन वळी सलायच्या. त्यानं परभणीहून पांढरी भुकटी आणली, भिजल्या ज्वारीला चोळली अन् बांधाबांधानं फेकली. भोरड्या पटापटा पडल्या. मेलेल्या भोरड्या कावळ्यांनी खाल्ल्या, मग कावळेबी पडले. दादा मिशीला पीळ देऊन म्हणला, "बघ तानू, एक दाणा गेला न्हाई!" तुझं वाटोळं व्हवो, असं मी मनात म्हणले. सख्ख्या भावाला म्हणले, अन् मला त्याचं काही वाटलं न्हाई.

त्याच महिन्यात मायला ताप भरला. तिची खोली मधली, खिडकी न्हाई. मी ओव्याची पुरचुंडी तापवून तिची छाती शेकायची. डोळे मिटूनच ती विचारायची, "तानू, उजाडलं का गं?"

"उजाडलं, माय."

"मग कावळा कसा वरडंना?"

काय सांगू? दार सताड उघडलं, ऊन पार बाजेपर्यंत आलं, तरी तिला पटंना. रात हाय, निजू दे म्हणायची. अशीच भर दुपारी गेली, सकाळची वाट बघत.

तर पिंगळीला गेलो. रेल्वेतली माणसं भाकरीचे तुकडे टाकायची, त्यामुळं तिथं कावळ्यांची जत्राच. रामकिशननं दोऱ्याचा फास मांडला. एक म्हातारा, पिसं झडलेला कावळा सापडला. त्याला कोंबड्याच्या डाल्यात घातला अन् वरून मायचं जुनं लुगडं बांधलं. मग काय विचारतीस! सगळे कावळे कोकलत गाडीमागं लागले. बैल बुजले. डोक्यावर नुसता काळा कालवा.

आमच्या शिवेवरच्या म्हसोबापाशी आलो अन् सगळे एकदम गप झाले. एकबी शीव वलांडून आला न्हाई. हवेतच वळले अन् माघारी गेले.

पुढं सगळं चिडीचूप. दोन्ही बाजूला दादाची ज्वारी, कणसांनी वाकलेली, अन् त्यात एक चिमणीसुदीक न्हाई. ऊन रणरणायलंय, अन् माझ्या अंगावर काटा. मग मला वास आला. तापल्या ओव्याचा.

डाल्यातून हळूच, "तानू... उजाडलं का गं?"

रामकिशननं कासरा वढला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली न्हाई.

"आक्का... तुमी काय बोल्लात का?"

"न्हाई रे..."

"मंग... हाकतो मी."

उजाडलं, माय, म्हणायला मी तोंड उघडलं. अन् पदराचा बोळा तोंडात कोंबला.

नदीवर माणसं खोळंबली व्हती. पिंड मांडलेला. मी लुगडं सोडलं, डालं कलतं केलं. कावळा बाहेर आला, पर उडाला न्हाई. उजवा पाय फरफटत चालायला लागला. माय तसाच पाय वढायची. बाया एकमेकींकडं बघायल्या.

पिंडापाशी जाऊन थांबला. मान वाकडी करून दादाकडं बघत ऱ्हायला.

दादानं हात जोडले. "माय, तानूला कधी अंतर देणार न्हाई." कावळा जागचा हलंना. "माय, तुझ्या नावानं पार बांधतो." न्हाई. "नातीचं लगीन थाटात करतो, माय..." काय काय कबूल केलं मुडद्यानं! मला ऱ्हावलं न्हाई. मी सगळ्यांदेखत वरडले, "आरं, भुकटी पुन्हा टाकणार न्हाई म्हण की! तेवढं म्हण!"

दादानं तोंड घट्ट मिटलं. घरात अर्धं पोतं अजून शिल्लक व्हतं अन् ज्वारी शेतात उभी व्हती. मायचा जीव अडकलेला अन् हा हिशेब करायलाय! मी त्याच्या पाया पडले गं. त्यानं मान फिरवली.

कावळा पिंडाला बगल देऊन निघाला. माणसं लुगडी-धोतरं सावरत बाजूला सरली. त्यांच्या मधून तो पायवाटेला लागला, चालतच, गावाकडं. मागं जायला कुणी धजलं न्हाई. दादानं घाईघाईनं दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला अन् झालं! तेरवीला पंगतीत सांगत व्हता, "लगीच शिवला, मायची काही इच्छाच उरली नव्हती." लोक जिलबी खात व्हते.

मी नदीवरून तशीच पळत घरी आले. मायच्या खोलीचं दार मी सकाळी कडी लावून बंद केलं व्हतं. कडी निघालेली. आत अंधार अन् ओव्याचा वास. बाजेची सुतळी खाली दबलेली दिसली, कुणी निजल्यावाणी.

"माय..." मी म्हणले. भ्यायचं कशाला? तिच्याच पोटची मी. बाजेवर बसले, चाचपत हात पुढं केला. तिनं माझं मनगट धरलं, तापात धरायची तसंच, घट्ट. मला हुंदका आला. म्हणलं, असू दे, न्हाई सुटली तर न्हाई, माझ्यापाशी तरी हाय. दुसऱ्या हातानं मी तिचा हात कुरवाळायला गेले.

खरखरीत व्हता, अन् थंडगार. तीन बोटं पुढून आवळलेली, अन् चौथं मागून.