दोन चौकटींचा थांबा

पडद्यावरचा लाल चेंडू पडला, टेकताना चपटा झाला, ताणून वर उसळला आणि अगदी वर गेल्यावर दोन चौकटी रेंगाळला. सेकंदाला चोवीस चौकटी; त्यातल्या दोन म्हणजे पापणीही पुरती मिटत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या गणितात हा थांबा बसत नव्हता, पण शाल्मलीने तो लगेच ओळखला. तिला याच स्टुडिओत चित्रं हलवायला शिकवणाऱ्या डायस सरांचा हात!

खरं तर चेंडू सरांनी काढलाच नव्हता. शाल्मलीने फक्त दोन जागा ठरवल्या होत्या, जमीन आणि माथा. मधल्या चौकटी ‘अनुहस्त’ने भरल्या होत्या. कलाकाराचं आयुष्यभराचं काम वाचून हा प्रोग्राम त्याच्या हाताचं वळण शिकायचा. सोळा खुर्च्यांच्या ॲनिमेशन स्टुडिओत आता शाल्मली एकटीच बसायची, प्रोग्रामचा हात मूळ हाताशी जुळतो का हे बघणारी तपासनीस म्हणून. तिने ‘जुळतो’ म्हटलं, की सरांना पुन्हा कधी फोन करायचं कारण उरणार नव्हतं.

नियमाप्रमाणे सरांनी तुलनेसाठी वसईहून ताजा नमुना पाठवला होता. त्यांचा चेंडू तीनदा उसळला, पण वर कुठेच थांबला नाही.

पडद्यावर सरांच्या जुन्या कामाशी दोन्ही चेंडूंची जुळणी आली. अनुहस्त अठ्ठ्याण्णव टक्के, सर एकसष्ट. खाली शेरा: ‘दुसरा नमुना मूळ कलाकाराचा नसावा.’

तिने फोन लावला. “सर, चेंडू तुम्हीच काढलात ना?”

“नाही, शेजारच्या मांजराने काढला. का गं, बिघडला?”

“वरचा थांबा कुठे गेला? त्यावरून तर आम्हाला ओरडायचात.”

सरांनी पलीकडे पंखा बंद केला.

“आमची ही, फिलू, मागे उभी राहून बघायची. तिला नीट दिसावा म्हणून थांबवायचो. ती गेल्यावर आता दाखवू कुणाला?” सर खाकरले. “चार दिवसांनी आज तोंड उघडलं बघ. तुमच्या यंत्राला जमला का थांबा?”

“हुबेहूब, सर.”

“मग पाठव की इकडे.”

तिने पाठवला. सरांनी तो पुन्हा पुन्हा लावल्याचं तिला ऐकू येत होतं; टप, टप, टप. मग ते हळूच म्हणाले, “माझाच आहे गं. पण हा कुणासाठी थांबतोय?”

शाल्मली पुन्हा पडद्याकडे वळली. ‘जुळत नाही’ म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात सरांकडून नवा नमुना मागवता येणार होता. पण ते खोटं ठरेल, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

तिने ‘जुळत नाही’वर बोट ठेवलं.

पडद्यावर रिकामी चौकट उघडली. वर एकच प्रश्न होता: ‘फरक नेमका कुठे आहे?’