चार मिनिटांचे आचके

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे 'कानसेन' म्हणत. बॉनेट उघडायच्या आधी, नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगे, आणि तीस वर्षांत फारसा चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी पन्नाशीच्या एक बाई आपल्या वडिलांची जुनी गाडी घेऊन आल्या.

"चालू केली की चार मिनिटं आचके देते. मग अगदी सुरळीत."

"गार इंजिन रुसतंच, ताई. चोक असेल, नाहीतर प्लग. अर्ध्या तासाचं काम."

त्या अर्ध्या तासाची दुपार झाली. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, हवा कुठून आत शिरत नाही ना हे नळी न् नळी चाचपून पाहिलं. सगळं ठणठणीत. तरी किल्ली फिरवली की इंजिन गुदमरल्यासारखं अडखळे आणि चार मिनिटांनी सुतासारखं सरळ येई. गार असताना आचके येणं ठीक. पण हे तापलेलं इंजिनही तेच करत होतं. त्याला काही ते पटेना.

"कधीपासून हे?"

ताई बाकावर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. "बाबा गेले त्या दिवसापासून."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"शेडमध्ये हीच गाडी गरम करत बसले होते. वाऱ्यानं दार लागलं, धूर कोंडला. मी स्वयंपाकघरात होते. आचके ऐकले मी. मग आवाज एकसारखा झाला, तेव्हा वाटलं, जमलं बाबांना. भाजी चिरत राहिले."

खिडकीतून हात घालून मिस्त्रीने पुन्हा किल्ली फिरवली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मुठीला कान लावला.

प्रत्येक आचक्याआधी काहीतरी होतं. बारीक, ओलसर. कान दाबून त्याने नीट ऐकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला.

दुसरं मिनिट चालू होतं. त्याने धावत जाऊन किल्ली बंद केली.

इंजिन थांबलं.

खोकला थांबला नाही.

आता तो गाडीच्या आतून येत होता, आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय ऐकू येत होता. ताई उठल्या.

"ताई, नका जाऊ जवळ."

"त्या दिवशी गेले नव्हते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ड्रायव्हरचं दार सताड उघडलं.

खोकला तुटला. सीटवर कुणी नव्हतं, पण मध्यभागी खोल खळगा पडला होता. बघता बघता तो भरत आला. स्प्रिंगा करकरल्या आणि सीट वर उचलली गेली.

ताई दारापासून बाजूला झाल्या. कुणी सांगितलं नसताना मिस्त्रीनेही एक पाऊल मागे घेतलं, वाट द्यायला.

त्याच्या कानाजवळून एक उष्ण, धुरकट श्वास गेला.