आजीचे पाचवे कार्ड

आजोबांच्या टेबलावरचा बटणांचा जुना फोन कधीच वाजत नसे, तरी तो चोवीस तास चार्जरला लावलेला असे. कशासाठी, हे कोडे दहा वर्षांच्या मृण्मयीला काही केल्या सुटत नव्हते.

सन २०४६ मधल्या त्या रविवारी आजोबा अंघोळीला गेले आणि तिने फोन उचलला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर लिहिले होते, ‘लवकर घरी या. शुभदा.’ शुभदा म्हणजे तिची आजी, मृण्मयीच्या जन्माआधीच गेलेली. आजीचे आणखी काही मिळेल म्हणून तिने पान ताजे करायचे बटण दाबले. पडदा कोरा झाला. ‘जोडणी नाही.’

आजोबा बाहेर आले, पडदा पाहून खुर्चीत बसले. ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

मग त्यांनी समजावले. त्या काळी फोन इतके दुबळे होते, की इंटरनेटची पाने त्यांना पेलत नसत. म्हणून वॅप (छोट्या फोनसाठी ठरवलेले नियम) आले. पानाऐवजी चार-पाच कार्डांचा (एका पडद्यात मावणाऱ्या छोट्या मजकुरांचा) गठ्ठा एकदम फोनमध्ये उतरे. फोन आणि इंटरनेटच्या मध्ये गेटवे (दुभाष्याचे काम करणारा संगणक) बसे. आजोबा होडीतून समुद्राची खोली मोजत, आजी किनाऱ्यावरून गठ्ठा तयार ठेवी: भरती, ओहोटी, वारा, लाटा. पाचवे कार्ड फक्त त्यांच्यासाठी. पुढे फोन मोठे झाले, थेट वेब वाचू लागले. दुभाष्याची गरज सरली, गेटवे बंद पडले. उरला तो फोनच्या तात्पुरत्या स्मृतीतला शेवटचा गठ्ठा. बॅटरी संपली की तोही पुसला जाणार होता.

“आणि ताजं करायला गेलं की फोन आधी जुना गठ्ठा टाकून देतो,” आजोबा म्हणाले.

“तुम्हाला शब्द पाठ आहेत ना? मी परत लिहून देते.”

“शब्द पाठ आहेत गं. पण तो तिनं पाठवलेला होता.”

मृण्मयी खूप रडली. मग तिने आजोबांकडे वॅपच्या नियमांची जुनी पुस्तिका मागितली. नियम बंद पडले होते, पण ते कुणी पुसले नव्हते. महिनाभर दोघांनी खपून घरातल्या घरात छोटा गेटवे आणि फोनला पोचेल एवढा ट्रान्समीटर उभा केला.

फोनमध्ये गठ्ठा उतरला. भरती, ओहोटी, वारा, लाटा, सगळे आजचे. आजोबांनी पाचवे कार्ड उघडले.

‘आजोबा, आजीचं कार्ड माझ्या हातून गेलं. हे माझं आहे. मृण्मयी.’

त्यांनी ते दोनदा वाचले, डोळे पुसले आणि फोन पुन्हा चार्जरला लावला.