कोशिंबावरच्या फुल्या

"पुसू नकोस! आधी फोटो काढ!" केदार ओरडला.

ऑलिव्हियाने आईचा जुना मोबाइल वर धरला. वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीमागे कोशिंबाचं एकच झाड होतं. एप्रिलमध्ये त्याला लालभडक पालवी फुटायची. सुट्टी लागल्यापासून केदार, त्याची बहीण वल्लरी आणि त्यांची मैत्रीण ऑलिव्हिया रोज त्या पालवीचे फोटो काढत होते. आज मात्र पाच फांद्यांवर खडूच्या फुल्या होत्या!

"काल संध्याकाळी इथे फक्त गुरुदत्तकाका होते," वल्लरी म्हणाली.

गुरुदत्तकाका म्हणजे समोरच्या इमारतीतले बडे फोटोग्राफर. झाडापानांचे फोटो ते जाड, सुती कागदावर छापायचे, एकेक चित्र दाराएवढं! स्टेशनजवळच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन चालू होतं. तिघं रिक्षा पकडून तिथे गेली.

सगळ्यात मोठ्या चित्रात मोकळं आभाळ होतं आणि त्यात पांगाऱ्याची एकच फांदी. खाली नाव होतं, 'एकटेपण'.

"अरे, हा आपल्या तळ्याकाठचा पांगारा!" ऑलिव्हिया म्हणाली. "त्याला काय एकच फांदी आहे? केवढी गर्दी असते फांद्यांची!"

परतताना तिघं तळ्यापाशी उतरली. पांगाऱ्याच्या एका अंगाला कापलेले चार खुंट होते, वरून माती फासलेले. केदारने एका खुंटावरची माती खरवडली. खाली खडूची अर्धी फुली निघाली.

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. "आभाळ मोकळं दिसावं म्हणून फांद्या तोडल्या! आणि वर नाव काय, तर एकटेपण! एकटं केलं कोणी त्याला?"

"आता आपल्या कोशिंबाची पाळी," केदार म्हणाला.

तिघं धावतच सोसायटीच्या अध्यक्ष क्लेमेंटिना आंटींकडे गेली. आंटींनी मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "गुरुदत्तने फक्त फोटोची परमिशन घेतलीये गं. उद्या सकाळी आठला येणार. एवढा मोठा माणूस झाडं तोडेल? जा, खेळा!"

खेळा! मोठ्यांना काही ऐकायचं नसलं की मुलांनी खेळायचं असतं.

मग तिघं खरंच खेळली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओलं फडकं घेऊन केदार झाडावर चढला आणि एकूणएक फुली पुसून आला. आठला काका आले, सोबत करवतवाला काळुराम. सामान झाडाखाली मांडून काका गाडीतून लेन्स आणायला गेले, काळुराम चहाला गेला. वल्लरीने खिशातून खडू काढला आणि ऑलिव्हिया आंटींच्या दारात पोचली.

"आंटी, काका फोटो काढतायत! तुम्ही पण या ना, सगळ्यांना घेऊन!"

फोटो म्हटल्यावर आंटी लिपस्टिक लावून अर्ध्या सोसायटीसकट हजर झाल्या. तोवर काका आणि काळुरामही परतले होते. काळुराम करवत घेऊन डोकं खाजवत होता.

"सायेब, तुमी बोललाव फुली असंल त्या कापायचा. झाडाव तं एक पन फुली नाय! सगल्या हितंच हायत!"

ट्रायपॉडच्या तिन्ही पायांवर, बॅगेवर आणि पांढऱ्या छत्रीच्या दांड्यावर ठसठशीत फुल्या होत्या. काळुरामने करवत ट्रायपॉडला टेकवली. "ह्या कापू?"

"हात लावू नकोस!" काका किंचाळले. "फांद्या कापायच्यात, फांद्या!"

आणि मग त्यांना मागे उभ्या असलेल्या आंटी दिसल्या.

ऑलिव्हियाने मोबाइल पुढे केला. झाडावरच्या फुल्या, मातीने झाकलेले खुंट, सगळं त्यात होतं.

"कलेसाठी दोन-चार फांद्या... पुन्हा फुटतात हो!" काका पुटपुटले.

"तुमच्या ट्रायपॉडला फुटतो का पाय पुन्हा?" वल्लरी कडाडली.

"मला बोलले परवानगी हाय," काळुराम म्हणाला आणि करवत फडक्यात गुंडाळून निघून गेला. आंटींनी तिथूनच महापालिकेच्या वृक्ष विभागाला फोन लावला. काकांची फोटोची परवानगी तर जागीच रद्द झाली.

"शाब्बास पोरांनो! आज आईस्क्रीम माझ्याकडून!" आंटी म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वल्लरी हाताची घडी घालून उभी होती.

"काल आम्ही सांगायला आलेलो, आंटी. तुम्ही वर बघितलं पण नाहीत."

टाळ्या थांबल्या. आंटींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चुकलं माझं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

मोठ्या माणसाने असं चारचौघांत म्हटलेलं वल्लरीने पहिल्यांदाच ऐकलं. मग कुठे ती आईस्क्रीमला तयार झाली.