चिलटाचा सूर

ऋजुता मंगळावर गेली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि रोज सकाळी भाजी निवडता निवडता रूपालीबाई तिच्याशी गप्पा मारत. मिरजेतल्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. आणखी दोन घरं मंगळाशी अशीच बोलत होती.

खरं तर असं बोलता येऊ नये. मिरजेतून निघालेला शब्द प्रकाशाच्या वेगानं धावला तरी त्याला तिथं पोचायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस. आणि उत्तराला परत तेवढीच. पहिलं वर्ष मायलेकींनी तसंच काढलं. "जेवलीस का?" असं विचारावं, आणि "हो" ऐकू येईपर्यंत इथली भांडीसुद्धा घासून व्हावीत. मग पूर्वसाद आला. ऋजुताचं आजवरचं बोलणं ऐकून शिकलेला हा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये राही. तिचं खरं उत्तर वाटेत असतानाच, ती काय म्हणेल याचा अंदाज बांधून तो तिच्याच आवाजात बोलून टाकी. खरं उत्तर मागाहून येई. जुळलं तर प्रश्नच नव्हता. नाही जुळलं तर पूर्वसाद सगळी मांडणी मोडून नव्यानं करी आणि तो फरक पुढच्या बोलण्यात बेमालूम मिसळून देई.

पण नवं श्रवणयंत्र आलं आणि कटकट सुरू झाली. म्हाताऱ्या कानांना न पोचणारे उंच स्वर हे यंत्र खाली उतरवून ऐकवी. त्यातून रूपालीबाईंना लॅपटॉपमध्ये चिलट गुणगुणताना ऐकू यायला लागलं. सूर कुठंतरी ऐकल्यासारखा होता. कुठं, ते आठवेना.

"चार्जर काढून बघितलात, काकू?" तबस्सुम शिकलगारनं विचारलं. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुरुस्तीचं दुकान होतं.

"काढला. सॉकेट बदललं. पंखा पुसला. शेवटी गणपतीला नारळ बोललेय."

"नारळाची वॉरंटी नसते, काकू."

तबस्सुमनं लॅपटॉपची पाठ उघडली. सलाईनच्या नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं आतल्या भागांवरून फिरवत नेलं. एका तांब्याच्या गुंडाळीपाशी तिचा हात थांबला.

"ही बघा. हिच्यातून वीज झटक्याझटक्यानं जाते. प्रत्येक झटक्याला तारेचे वेढे कणभर थरथरतात. यंत्राला एकदम जास्त डोकं चालवावं लागलं की थरथर वाढते, आणि हा आवाज होतो. एपॉक्सी गोंदाचा थेंब टाकला की गप्प. आधी बोला बघू ऋजुताशी."

"आज मेथी ना, आई?" लॅपटॉपमधून ऋजुता म्हणाली. "म्हणजे रात्री थालीपीठ. मजा आहे बाई."

गप्पा चालू राहिल्या. गुंडाळी शांत होती. बऱ्याच वेळानं कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. मंगळावरून काहीतरी येऊन पोचलं होतं. आणि चिलट गुणगुणलं.

तबस्सुमनं नळी खाली ठेवली. "अंदाज चुकला त्याचा. सगळं परत मांडतोय."

"म्हणजे हा आवाज होतो तेव्हा ती खरी आलेली असते?"

"येते ती रोजच. आवाज होतो तो, ती याला वाटलं त्यापेक्षा वेगळं बोलली तर."

रूपालीबाईंनी लॅपटॉपच्या उघड्या पाठीवर अलगद हात ठेवला. एवढा काळोख ओलांडून पोर आली होती, आणि तिचं येणं एका तारेच्या थरथरीएवढं होतं.

"एपॉक्सी राहू दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या बोलण्यापेक्षा चिलटाचीच वाट बघू लागल्या. पावसाळाभर ते अधूनमधून येई. दिवाळीनंतर विरळ झालं. संक्रांत आली तोवर नुसता दिवा लागे आणि गुंडाळी मुकीच राही.

"बिघडला का गं?" त्यांनी दुकानात जाऊन विचारलं.

"नाही, काकू. त्याचा अंदाज बरोबर येतोय." तबस्सुम जरा घुटमळली. "तिकडं तिच्याजवळही तुमचा पूर्वसाद आहे. तोही आता चुकत नसेल. तुम्ही दोघी रोज तेच बोलता ना."

त्या घरी आल्या, चहा घेऊन बसल्या, आणि तो सूर कुठला ते त्यांना आठवलं. लहानपणी घरी खोक्यासारखा टीव्ही होता. आई कामावरून लवकर आली, की धाकट्या भावाची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवून तो बघत बसे. पण शाळेतून येणाऱ्या रूपालीला जिन्यातच, बंद दारापलीकडून, टीव्हीचा चिलटासारखा सूर ऐकू येई. आई घरात आहे, हे दार उघडण्याआधीच कळे. मग ती पायऱ्या पळत चढे.

हे त्यांनी कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लेकीला सांगितलं.

"हो गं आई," ऋजुताचा आवाज लगेच म्हणाला, "किती वेळा सांगितलंयस हे."

रूपालीबाईंच्या अंगावर काटा आला. त्या दिव्याकडं बघत बसल्या. मंगळ त्या दिवसांत लांब होता. चहावर साय धरली. आवाज थालीपिठाबद्दल बोलत होता, गुडघेदुखीची चौकशी करत होता.

दिवा लागला. आणि गुंडाळी गाऊ लागली, पूर्वी कधी गायली नव्हती इतकी लांब, चढती, थांबेचना.

"आणि औषध घेतलंस ना, आई?" लॅपटॉपमधून ऋजुताचा आवाज विचारत होता.

"गप गं जरा," रूपालीबाई त्या आवाजाला म्हणाल्या. "लेक आलीय माझी."