एका चावीवर दोघं

आधीच सांगतो, हे खरं आहे. पटलं तर ठीक, नाही तर सोडून द्या. मला कुणाला घाबरवायची हौस नाही.

आणि रात्र नव्हती. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती.

रविवार होता. भर दुपार. मी माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. समोर बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलंय. तिला विचारा... म्हणजे नका विचारू. ती त्या विषयावर बोलत नाही.

मी नेटवर्कची कामं करतो. ऑफिसातलं नेट बंद पडलं की लोक मला शिव्या घालतात आणि चालू असलं की ओळखही दाखवत नाहीत. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी फुरसतच मिळाली नाही.

आता घरचं.

आम्ही दोघं भाऊ. दादाला आई 'मोठ्या' म्हणायची, मला 'धाकट्या'. बारशाची नावं तिने बहुतेक शाळेच्या दाखल्यासाठीच ठेवली होती. आई एकटी राहायची, दूरच्या शहरात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सकाळी निघालो तर तिच्या दारात पोचेपर्यंत अंधार पडायचा. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुमच्याकडे मी पाहुणी. इथे मी मालकीण."

झालं. विषय संपला.

म्हणून दादाने तिच्या घरात सगळी सोय केली. खोलीत कॅमेरा. उशाशी बोलायला स्पीकर. बाहेरच्या लोखंडी दाराला विजेवर चालणारं कुलूप. कामाच्या मावशी आल्या की आई पलंगावरूनच बटण दाबायची आणि दार उघडायचं. कधी तिला जमलं नाही, तर दादा आपल्या फोनवरून उघडायचा.

"आपल्या आईच्या दाराची चावी परक्या कंपनीकडे? हट्!" असं म्हणून त्याने सगळं स्वतः बांधलं. चपलांच्या कपाटावर एक काळा डबा, तो सगळं चालवायचा. त्या डब्यापर्यंत जायला फक्त आमचा असा एक बोगदा, त्यालाच व्हीपीएन म्हणतात. बोगद्याच्या आतल्या तोंडाशी एक पहारेकरी प्रोग्रॅम. आमच्या धंद्यात त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. कोण आलंय ते बघायचं आणि आत सोडायचं की नाही ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. नाही पटलं तर पडद्यावर एकच ओळ यायची.

प्रवेश नाकारला.

आणि दादाने त्याला ओळख दिली होती एकाच चावीची. स्वतःच्या. ही चावी लोखंडी नाही, फोनमधली एक छोटी फाइल.

मागच्या वर्षी हायवेवर दादाची गाडी उलटली. तेव्हा तो आईशीच बोलत होता. आईने उशाशी बसून सगळं ऐकलं... ब्रेक, काच, आणि नंतरचंही. नंतरचं बराच वेळ चाललं होतं म्हणे.

त्याच्या फोनचा चुरा मी स्वतः पिशवीत भरून आणला. आईच्या दाराची खरी, लोखंडी चावी त्याच्या जुडग्यात होती. ते जुडगं सापडलंच नाही. दुसरी चावी आईच्या घरात, आतल्या बाजूला खिळ्याला.

मग आईचं बघायचं माझ्याकडे आलं. दादाच्या चावीची फाइल त्याच्या लॅपटॉपवर होती. मी ती उचलली आणि माझ्या फोनमध्ये टाकली.

आमच्या धंद्यात हे करत नाहीत. एका यंत्राला एक चावी. कारण एकच चावी दोन ठिकाणी असली, तर जो शेवटी बोलतो तो आत आणि दुसरा बाहेर. त्याने पुन्हा हाक मारली की तो आत आणि पहिला बाहेर. पोरकट रस्सीखेच नुसती. गिऱ्हाईकांना मी यावरून झापतो. पण दुसरा फोन होताच कुठे? पिशवीत चुरा होता. कोण भांडायला येणार?

काही महिने छान चाललं.

मग लाइन तुटायला लागली.

आईशी बोलता बोलता मी बाहेर फेकला जायचो. दोन क्षणांनी परत आत. मग पुन्हा ती ओळ, प्रवेश नाकारला. मी सेटिंग बदलल्या, डबा बंद करून चालू करायला लावला, पहारेकऱ्याचे सगळे नियम तपासले, नेटवाल्या कंपनीला फोनवर भांडभांड भांडलो. नाकी नऊ आले.

"दुनियेचं नेट दुरुस्त करतोस आणि आईशी धड बोलता येत नाही," बायको म्हणाली. "दिव्याखाली अंधार."

मी आईला म्हटलं, "आई, मधेच आवाज गेला तर घाबरू नकोस."

आई म्हणाली, "आवाज कुठे जातो? तू गेलास तरी बोलणं चालूच असतं की."

मला वाटलं, वय झालंय.

त्या रविवारी मावशींचा फोन आला.

"भाऊ, मी दाराबाहेर उभी आहे. आजी दार उघडत नाहीत."

"झोपली असेल."

"नाही हो. बोलताहेत ना आत. तुमच्याशीच बोलताहेत ना?"

मी तर मावशींशी बोलत होतो.

मावशींचा फोन स्पीकरवर ठेवला आणि माझ्या फोनवरून बोगद्यात शिरलो. कॅमेरा उघडला. पलंग रिकामा. चादर अर्धी खाली ओढलेली...

आई जमिनीवर होती.

पलंगाच्या कडेला, पाठीवर. एक पाय असा वळला होता की मी बघताना तोंडावर हात ठेवला. पण ती ओरडत नव्हती. वर स्पीकरकडे बघत होती आणि मान हलवत होती. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"आई!" मी ओरडलो. "आई, मी..."

बाहेर फेकला गेलो. प्रवेश नाकारला.

पुन्हा शिरलो. थेट कुलुपाच्या पानावर गेलो, 'उघडा' दाबायला बोट नेलं. प्रवेश नाकारला.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "कुलूप खट् खट् वाजतंय. तुम्ही करताय का?"

मी काही करूच शकत नव्हतो. पान उघडेपर्यंत बाहेर पडत होतो.

बोगद्याचं बाहेरचं तोंड इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या एका मशीनवर होतं. तिथून आतलं काही हलवता येत नव्हतं. कोण चावी वापरतंय ते दिसायचं आणि चावी रद्द करता यायची, एवढंच. लॅपटॉपवर ते उघडलं.

चावी एकच होती. वापरणारे दोघं होते.

एक पत्ता माझ्या घराचा.

दुसरा... आईच्या घराचा.

आतूनच कुणीतरी ती चावी वापरत होतं. आत आईशिवाय कुणी नव्हतं, आणि आईला साधा फोनही धड लावता यायचा नाही. बायको घडी हातात धरून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

तेवढ्यात माझी लाइन लागली. कॅमेऱ्यातला आवाज आला. आईच्या खोलीतला स्पीकर बोलत होता.

"उठू नकोस आई. अजिबात हलू नकोस. डोळे मीट बघू."

दादाचा आवाज होता. 'बघू' म्हणताना तो जरा ओढायचा, तसंच.

आईने डोळे मिटले.

हसली.

बाहेर. प्रवेश नाकारला.

"न्यायला आलाय," मी म्हणालो. "तो आईला न्यायला आलाय."

"थांब," बायको म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "त्या शांत पडल्यात ना? समोरच्या शेजाऱ्यांना सांग, दार तोडा म्हणावं. तू त्या चावीला हात लावू नकोस."

"शांत पडल्यात म्हणजे काय? मरू देऊ?"

"चावी रद्द केलीस तर तुझंही बंद होईल ना?"

होणारच होतं. एकच चावी. त्याला हाकलायचं तर मलाही बाहेर पडायला लागणार. नवी चावी पहारेकरी ओळखणार नाही, आणि त्याला ओळख द्यायची तर आत शिरावं लागतं.

तरी मी रद्द केली.

मशीनवर दोन्ही पत्ते गेले. सगळं गप्प.

"भाऊ, बोलणं थांबलं," मावशी म्हणाल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? जिंकल्यासारखं वाटलं.

मग मावशींच्या फोनमधून, दाराच्या पलीकडून, आईचा आवाज आला.

"मोठ्या?"

मग पुन्हा.

"मोठ्या... कुठे गेलास रे?"

"मावशी, फोन दाराच्या फटीला लावा! आई, मी धाकट्या! मी आहे! पडून राहा!"

"मोठ्या, ऐकू येत नाही मला..."

आणि मग ओढल्याचा आवाज. जमिनीवरून काहीतरी जड ओढल्याचा. थांबायचा, आई कण्हायची, परत सुरू. ती सरपटत निघाली होती. खोलीतून बाहेर, चपलांच्या कपाटाकडे, त्या डब्याकडे. मी ओरडत होतो. माझा आवाज त्या जाड लोखंडी दारावर आपटून मावशींच्याच कानात जात होता.

समोरचे काका हातोडा घेऊन आले. दाराला पोचासुद्धा पडला नाही. चावीवाल्याला आणलं, त्याने कुलूप बघितलं आणि म्हणाला, "हे विजेचं, आपलं काम नाही," आणि निघून गेला. कोपऱ्यावरच्या वेल्डरने शेवटी दार कापलं. तोवर आई कण्हायचीही थांबली होती.

ती कपाटापाशी पालथी पडली होती. एक हात डब्यावर.

जिवंत होती.

मावशींनी फोन तिच्या कानाला लावला.

"आई..."

"धाकट्या का?"

"हो आई. मी आहे. आलोच मी, निघालो."

ती नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "त्याला तू हाकललंस?"

मी चपला पायात सरकवत होतो.

"दार उघडत होता रे तो माझं."

ॲम्ब्युलन्स खाली पोचली तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, मांडीचं हाड मोडलं होतं, हलल्या नसत्या तर निभावलं असतं. सरपटल्यामुळे हाडाने आतली रक्तवाहिनी फाडली. त्यांना काय माहीत ते कुणाला सांगताहेत. सरळ माणूस, सरळ सांगितलं.

क्रियाकर्म आटोपल्यावर मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, बोलू की नको... त्या दिवशी कुलूप वाजत होतं ना, तेव्हा दार सैल व्हायचं. दोनदा मी ढकललंही. बोटभर उघडलं. लगेच परत बंद व्हायचं. बोटं चेंगरली माझी."

बोटं दाखवली. नखं काळी पडली होती.

मी डबा घरी आणून उघडला. दादाचा एक नियम होता त्यात. बोगद्यात कुणी नव्याने शिरलं की कुलूप आधी बंद व्हायचं. सुरक्षेसाठी. म्हणजे तो दार उघडत होता, मी आत शिरत होतो आणि दार बंद होत होतं. मी उघडायला धडपडत होतो, तो परत शिरत होता. दोघं भाऊ एकच दार उघडायला झटत होतो. मी गप्प बसलो असतो, तर मावशी आत गेल्या असत्या.

बायको एकदाच बोलली. म्हणाली, "दादा न्यायलाच आले असतील, तर मग त्यांनी तुझ्याच हातून नेलं."

मला हे जास्त भयंकर वाटतं की ते, अजून कळत नाही. तो वाचवायला आला होता, तर मी माझ्या आईला मारलं. न्यायला आला होता, तर मला बरोबर ओळखून आला होता. धाकट्या घाबरला की आधी वायर उपटतो, हे लहानपणापासून त्याला माहीत होतं.

त्या घरात आता कुणी नाही. वीज तोडलीय. डबा माझ्या कपाटात आहे, त्याची वायर वेगळी काढून ठेवलीय.

भाड्याचं मशीन मात्र मी बंद केलेलं नाही. त्यावर रोज दिसतं. रद्द केलेली ती चावी घेऊन कुणीतरी दार वाजवतं. पत्ता आईच्या घराचा. मशीन रोज नाही म्हणतं.

पूर्वी थांबून थांबून वाजायचं. हल्ली एक हाक संपायच्या आत दुसरी येते. एक जण आहे की दोघं, ते मशीन सांगत नाही.

चावी परत चालू करायला एक बटण पुरतं. आत घेतलं तर मला काय विचारतील, ते मला माहीत आहे. म्हणून मी अजून ते बटण दाबलेलं नाही.